समजल्यासारखं तोंड

पोराला एखादी गोष्ट खरोखर कळते तेव्हा त्याच्या तोंडावर एक छोटं नाटक होतं. आधी डोळे बारीक होतात. मग भुवया जराशा वर जातात. मग एक-दोन मोजेपर्यंत काहीच होत नाही, सगळं थांबतं. आणि मग हनुवटी आपोआप खाली येते, पिकलेलं फळ देठातून सुटावं तशी. मुळशीतल्या सरकारी शाळांमध्ये पंचवीसेक वर्षं खडू उगाळून मी काही कमावलं असेल, तर हे नाटक ओळखायची नजर. परीक्षा वगैरे नंतरच्या गोष्टी. हनुवटी खाली आली की मी पुढच्या गणिताला जायचो. नाही आली की पुन्हा पहिल्यापासून, वेगळं सोंग घेऊन.

सोंगं पुष्कळ घेतली. नदी शिकवताना फळ्यापासून दारापर्यंत वाहत गेलो आहे, आणि धरण म्हणून वर्गातली सर्वांत जाड तीन पोरं आडवी उभी केली आहेत. अपूर्णांकांसाठी डब्यातल्या भाकरीचे इतक्या वेळा तुकडे केले की बायको संध्याकाळी विचारायची, आज पोटात किती गेली आणि गणितात किती. मी वर्गात वाघ झालो की खालच्या रस्त्यावरून पौडला जाणारा एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून दाद द्यायचा.

मग करोना आला, शाळा बंद झाल्या, आणि आम्हाला सांगण्यात आलं की आता काचेला शिकवा.

पहिला व्हिडिओ घराच्या ओट्यावर केला. फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला, डबा पाटावर, पाट बाजेवर. मी वाघ झालो. काच तशीच. नदी होऊन वाहत गेलो तर चौकटीच्या बाहेर गेलो. व्हिडिओत चार मिनिटं नुसती भिंत, आणि लांबून आल्यासारखा माझा आवाज. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "पोरांपुढं वाघ, अन् काचेपुढं मांजर." तो धडा मी सतरा वेळा केला. सतराव्या वेळी मी इतका शहाणा आणि इतका स्थिर झालो होतो की पुन्हा बघताना मलाच डुलकी लागली. तोच पाठवला.

कुणी पाहिला ते फोन सांगायचा. नावापुढे दोन निळ्या खुणा उमटायच्या. पण निळ्या खुणेला हनुवटी नसते. आणि खुणा तरी कुणाच्या? गावातल्या बहुतेक घरांत एकच फोन, तो बापाच्या खिशात. बाप सकाळी हिंजवडीकडच्या कंपनीच्या गेटवर उभा राहायला जायचा, तेव्हा चौथीचा परिसर अभ्यास आणि सहावीचं गणितही त्याच्या खिशात बसून गेटवर जायचं. संध्याकाळी तो परत यायचा तेव्हा फोनची बॅटरी संपलेली आणि बापाचीही. अर्धवट उजेडात पोरं त्या काचेवर माझं नखाएवढं तोंड बघायची. एका पोराने मला नंतर सांगितलं, "गुरुजी, तुमी लई बारीक झाला व्हता."

तरी शिकवणं हे दिवसातलं छोटं काम होतं. मोठं काम म्हणजे पुरावा. दुपारी बाराच्या आत शिक्षकांच्या ग्रुपवर फोटो टाकायचा: विद्यार्थी मोबाईलवर शिकत आहे असा, खाली ठिकाण आणि वेळ आपोआप छापून आलेला. बाराला पाच मिनिटं कमी असताना साहेबांचा निरोप पडायचा, 'काही शाळांचे फोटो अप्राप्त आहेत, ही बाब गंभीर आहे.' साहेब म्हणजे आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी. माणूस वाईट नव्हता. साडेबाराला त्यांनाही कुणीतरी असंच विचारत असणार. पण तो निरोप आला की छातीत जे धस्स व्हायचं, ते मला वर्गात साप निघाला तेव्हाही झालं नव्हतं.

आमच्या शाळेत शिक्षक तीन. त्यांतला एक कायम कुठल्यातरी सर्वेक्षणावर, त्यामुळे खरे दोन: मी आणि बाई. बाईंची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली, गुडघे त्यांच्याही आधी निवृत्त झालेले. म्हणून आम्ही पोरं वाटून घेतली. खालचं गाव बाईंचं, डोंगरावरची कातकरी वाडी माझी. वाडीत एकाही घरात चालता मोठा फोन नव्हता. दोघांतिघांकडे बटणांचे होते, वीटभट्टीच्या मुकादमाचा फोन घ्यायला.

बाईंना फोनची भीती वाटायची. म्हणजे खरोखरची. बोट काचेवर टेकवताना त्या गरम तव्याचा अंदाज घ्यावा तसं टेकवायच्या. एकदा फोटो ग्रुपवर टाकायला गेल्या आणि साहेबांनाच भलताच डोळा मारणारा हलता चेहरा गेला. मग दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. शेवटी त्यांनी फोनचा नाद सोडला. देवळामागच्या पारावर चार-पाच पोरं लांब लांब बसवायच्या, पदर तोंडाला बांधायच्या आणि चिंचोके मांडून बेरीज-वजाबाकी घ्यायच्या. दोन तासांनी पुढची चार-पाच पोरं. फोटो कधीच नाही. त्यामुळे ग्रुपवर बाईंच्या नावापुढे रोज एकच शब्द यायचा: 'निरंक'. निरंक म्हणजे शून्य. पण शून्य गोल असतं, दिसायला तरी बरं. निरंक हा शून्याला कोट-टोपी घालून उभा केलेला अपमान आहे.

"बाई, एक फोटो काढायला काय जातं?" मी म्हणायचो.

"फोटो काढायला उठले की पोरं चिंचोके खातात, सर," बाई म्हणायच्या.

मी असला भोळेपणा करणारा नव्हतो. माझ्या अंगात नाटक आहे, आणि नाटकवाल्याला वस्तू नसली की तो वस्तू करतो. घरात माझा जुना फोन पडला होता. आदल्या गणपतीत तो हौदात पडून वारला होता, पण अंगावरचं तेज गेलं नव्हतं. काळी काच, चकचकीत कडा. नव्या फोनने फोटो काढायचा आणि हा मेलेला फोन पोराच्या हातात द्यायचा. इतकं सोपं.

आठवड्यातून एकदा मोटारसायकल काढून मी वाडीवर जायचो. शेणाने सारवलेली एक चांगली भिंत निवडली होती. तिच्यावर सकाळचं ऊन छान पडायचं. एकेकाला पुढे बसवायचं, हातात फोन, झाला फोटो. आठवड्याभराचे फोटो एकाच दिवशी काढता येत नव्हते, कारण तारीख छापून यायची, म्हणून मग मधल्या दिवशीही जायला लागलो. लक्षात घ्या, फोटोसाठी मी डोंगर चढत होतो. शिकवण्यासाठी तोच डोंगर मला लांब वाटत होता. त्या वेळी हे माझ्या डोक्यातही आलं नाही. सकाळी अकरापर्यंत फोटो हातात आला की मला शिकवून झाल्यासारखं वाटायचं, आणि बाराच्या ठोक्याची भीती इतकी होती की त्यापलीकडे दुसरी कुठली जबाबदारी उरतच नव्हती.

पहिल्या फोटोत पोरं फोनकडे अशी बघत होती जणू त्यातून विंचू निघणार आहे. हे चालणार नव्हतं. मी दिग्दर्शन सुरू केलं.

"हे बघा. आधी डोळे बारीक करायचे. आता भुवया थोड्या वर. थांबा. एक, दोन. आता हनुवटी खाली. हे झालं समजल्यासारखं तोंड."

पोरं हसून लोळली. मी पुन्हा करून दाखवलं. वाडीतल्या बाया दारात येऊन बघायला लागल्या. मला प्रेक्षक मिळाले, आणि मला प्रेक्षक मिळाले की मी कुणाचं ऐकत नाही. त्या सकाळी मी पंधरा पोरांना समजल्यासारखं तोंड करायला शिकवलं. त्या सबंध वर्षात वाडीवर मी इतक्या मनापासून दुसरं काही शिकवलं नाही.

त्यांत सातवीची एकच मुलगी होती. बाकी सगळी बारकी. शाळा सुरू असताना ती रोज डोंगर उतरून यायची, आणि माझ्या भाकरीच्या अपूर्णांकांवर पहिली हनुवटी तिची खाली यायची. प्रश्नही असे विचारायची की मला पुढचं सोंग शोधावं लागायचं. एकदा म्हणाली, "गुरुजी, एका भाकरीचं आठ तुकडं केलं आन् खाणारी नऊ असली, तर अपूर्णांक कोनाचा?" तिला आठवीला खालच्या गावातल्या हायस्कूलला जायचं होतं. वाडीतली कुणी मुलगी तोवर तिथे गेली नव्हती. तिने ते आईला सांगून ठेवलं होतं, आणि आईने व्हय म्हटलं होतं.

तोंड करण्यातही ती सगळ्यांत तयार. मेलेला फोन हातात घेऊन तिने असं काही पाहिलं की क्षणभर मलाच वाटलं, आत काहीतरी चालू आहे.

फोटो झाल्यावर तिने काचेवर बोट फिरवून पाहिलं. "गुरुजी, ह्यो चालू व्हतो का?"

"नाही गं. हा नुसता दिसायला आहे."

"मंग तुमी त्यो यवढा धडा केलाय, त्यो दिसतो कुटं?"

"खाली. ज्यांच्याकडे फोन आहे त्यांना."

"आमच्याकडं न्हाई."

"माहीत आहे मला."

तिची आई मोळी टेकवून भिंतीशी उभी होती. ती पौडच्या स्टँडवर करवंदं, जांभळं, सरपण असं हंगामाप्रमाणे विकायची. तिने विचारलं, "काय शिकीवलं गं गुरुजींनी आज?"

"तोंड," मुलगी म्हणाली आणि करून दाखवलं. आई हसली. मीही हसलो. माझं हसू सर्वांत मोठं होतं.

तिचा फोटो मी एकटीचा टाकला. खाली ओळ लिहिली. मला अशा ओळी चांगल्या जमतात: 'दुर्गम वाडीतील इयत्ता सातवीची विद्यार्थिनी स्वतःच्या मोबाईलवर अध्ययनात मग्न.' 'स्वतःच्या' हा शब्द मी आधी लिहिला नव्हता. वाक्य जरा लंगडं वाटलं, म्हणून घातला.

बाराला दहा मिनिटं कमी होती. बाराला साहेबांचा अंगठा आला. साडेबाराला आणखी वरच्या कुणाचा. दुसऱ्या दिवशी तो फोटो इतर तालुक्यांच्या ग्रुपवर फिरत फिरत परत माझ्याकडे आला, त्यावर कुणीतरी फुलं लावली होती. महिन्याभरात रस्त्याला फ्लेक्स लागला. शेणाची भिंत, ऊन, ती, आणि तिच्या हातात माझा वारलेला फोन, दारापेक्षा मोठा.

बाईंनी तो फ्लेक्स बघितला तेव्हा मी शेजारी होतो.

"कोणता धडा चालू आहे त्यावर, सर?"

"बाई, तुम्ही पण ना."

"नाही, चेहऱ्यावरून फार अवघड वाटतोय."

दिवाळीनंतर टॅबलेट आले. म्हणजे पाटीएवढे फोन. आयटी पार्कमधल्या एका कंपनीने द्यायचे ठरवले होते, सहावी ते आठवीतल्या अशा मुलांना, ज्यांच्या घरी काहीच साधन नाही. धडे आतच भरलेले, रेंजची भानगडच नाही. वाडीसाठी याहून चांगलं काही असूच शकत नव्हतं. शाळेच्या पटांगणात छोटा कार्यक्रम ठेवला. सूत्रसंचालन अर्थात माझ्याकडे. पाहुणे येण्याआधी साहेबांनी मला प्रमाणपत्र दिलं, उपक्रमशील शिक्षक म्हणून. ते मी टेबलावर सगळ्यांना दिसेल असं ठेवलं.

ती आईबरोबर आली होती. कित्येक महिने बंद पेटीत राहिलेला गणवेश, घड्या तशाच पडलेल्या. डोंगर उतरून आल्याने पाय धुळीने भरले होते, ते तिने शाळेच्या नळावर धुतले आणि पुढच्या रांगेत बसली.

यादी माझ्या हातात कार्यक्रम सुरू झाल्यावर आली. मी एकेक नाव पुकारत गेलो, प्रत्येकाला एकेक शेरा, लोक हसत होते. सगळी नावं खालच्या गावातली. बाईंची पोरं. ज्यांच्यापुढे रोज निरंक लागलं होतं, ज्यांचा एकही फोटो वर गेला नव्हता, ती. यादीच्या तळाशी आलो. तिचं नाव नव्हतं.

मी माईकवर हात ठेवून साहेबांकडे वाकलो. "साहेब, वाडीची एक मुलगी राहिली."

साहेबांनी फोन काढला, तक्ता उघडला. तिच्या नावापुढचा रकाना मला दाखवला: 'साधन उपलब्ध: होय'. त्यापुढे बारीक चौकटीत पुरावा जोडला होता. शेणाची भिंत.

"हिच्याकडे तर आहे की, गुरुजी," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुमचाच फोटो आहे."

समोर दीडशे माणसं. कंपनीची दोन तरुण मंडळी, गळ्यात पट्टे, फार चांगल्या मनाची. टेबलावर माझं प्रमाणपत्र. मागच्या खुर्चीवरून बाई पुढे झुकल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "सर, माईक तुमच्याच हातात आहे."

मी आयुष्यात कधी माईक हातात असताना गप्प बसलेलो नाही. तेव्हाही बसलो नाही. मी विनोद केला. टॅबलेट म्हटल्यावर आमचे एक आजोबा विचारत होते, जेवणाआधी घ्यायची का जेवणानंतर. पटांगण खदखदून हसलं. कंपनीची मंडळी हसली. साहेब हसले. मी आभार मानले आणि कार्यक्रम संपला असं जाहीर केलं.

ती जागची उठली नव्हती. मग उठून टेबलापाशी आली. आई मागे उभी.

"गुरुजी, माझं नाव न्हाई?"

"यादीत तुझ्याकडे फोन आहे असं लागलंय. चुकून. मी बघतो."

"कंचा फोन?"

तिला कळायला वेळ लागला नाही. तिला कधीच लागायचा नाही. ती फ्लेक्सच्या दिशेने एकदा बघून परत माझ्याकडे वळली.

"मंग त्यो मला द्या. यादीत माज्या नावावर हाय नव्हं."

कंपनीतल्या एकाला वाटलं ती गंमत करतेय, तो हसला. मी पिशवीतून मेलेला फोन काढला. तो माझ्या पिशवीत कायम असायचा, खडूसारखा. तिने दोन्ही हातांनी घेतला, पदकासारखा.

आई म्हणाली, "चल गं. उन व्हतंय." मग माझ्याकडे न बघता, "गुरुजी, आठवीला ह्ये लागतंच का?"

"बघतो मी," मी म्हणालो.

मी बघितलं. दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन केला. म्हणालो, एक दुरुस्ती होती. साहेब अगदी मायेने म्हणाले, "गुरुजी, आता दुरुस्ती म्हटलं की आधीचं चुकीचं होतं असं होतं. एक फोटो खोटा म्हटला की सगळे तपासायला लागतील. तुमचेच नाही, माझ्या सगळ्या शाळांचे. कशाला." त्या 'कशाला'मध्ये धमकी नव्हती. विनवणी होती. माझ्यासारखाच तोही बाराला घाबरलेला माणूस. मी बरं म्हटलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला हवं.

मग ठरवलं, दर रविवारी वाडीवर जायचं आणि तिला स्वतः शिकवायचं. दोन रविवार गेलो. तिसऱ्या रविवारी सर्वेक्षणाचं काम आलं, चौथ्या रविवारी आधीच्या रविवारी न गेल्याची लाज आली. लाजेचं असं असतं की ती जायला सांगत नाही, टाळायला सांगते.

पुढच्या वर्षी तिचं नाव हायस्कूलच्या आठवीच्या पटावर चढलं. वर्ग फोनवरच भरत होता. तिथल्या क्लार्कने आईकडे ग्रुपसाठी नंबर मागितला. आईने सांगितलं, नंबर न्हाई. त्याने वहीत बघून सांगितलं, मागच्या शाळेच्या माहितीत तर फोन आहे असं आलंय, नंबर आठवला की या. हे मला आईने नंतर पौडच्या स्टँडवर सांगितलं, जांभळं तोलता तोलता. तक्रार म्हणून सांगितलं नाही. द्रोणभर जांभळं जास्तच घातली.

शाळा उघडल्या तेव्हा मी वर्गात उडी मारूनच शिरलो. वाघ झालो, नदी झालो, बायकोला न विचारता तीन भाकऱ्या नेल्या आणि अपूर्णांक काढला. "समजलं का?" मी विचारलं.

सगळ्या वर्गाचे डोळे बारीक झाले. भुवया वर गेल्या. एक, दोन. सगळ्या हनुवट्या एकदम खाली.

वाडीवरच्या पोरांनी खालच्यांना शिकवलं होतं. फार सुंदर बसवलं होतं, एकही हनुवटी मागेपुढे नाही. मी फळ्यावर एक साधं गणित घातलं, पाव भाकरीचा निम्मा भाग किती. एकालाही आलं नाही. दोन वर्षांत सहावीची पोरं चौथीच्याही मागे गेली होती, त्यांना ते माहीत होतं, आणि मला ते कळू नये म्हणून त्यांनी मीच दिलेलं तोंड घातलं होतं. खडू हातात धरून मी उभा राहिलो. पंचवीस वर्षांची नजर आता कामाची उरली नव्हती. आजही मी वर्गात बघतो तेव्हा खरं तोंड कुठलं आणि माझं कुठलं, हे मला ओळखू येत नाही. त्यामुळे प्रत्येक गोष्ट चारचार वेळा शिकवतो. पोरं कंटाळतात. बाई निवृत्त होऊन गेल्या. जाताना चिंचोक्यांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात भाचीसाठी खोली बघायला हिंजवडीजवळच्या माणला गेलो. तिला तिथल्याच एका कंपनीत नोकरी लागली होती. एका शेतकऱ्याने भातखाचरावर चार मजले चढवले होते, मजल्याला आठ खोल्या. मालक कॉलर वर करून दाखवत होते, गरम पाणी, लिफ्ट, वायफाय. जिना कुणीतरी पुसत होतं. मी पाय उचलून बाजूला झालो.

"गुरुजी."

ती उंच झाली होती. साडीचा पदर कमरेला खोचलेला, हातात फडकं.

मालकांना कौतुक वाटलं. "वळखता व्हय हिला? लई हुशार पोरगी. सगळ्या मजल्यांचं वायफाय हिलाच कळतं. पोरं घरनं काम करत्यात, तांबडा दिवा लागला की हिच्या नावानं बोंबलत्यात. ही येती, काय दाबायचं ते दाबती, हिरवा. शाळा किती गं तुझी?"

"सातवी," ती म्हणाली.

मालक भाचीला गच्ची दाखवायला घेऊन गेले. आम्ही दोघं जिन्यावर राहिलो.

"त्यो फोन हाय अजून," ती म्हणाली, मी विचारायच्या आधीच. "वाडीवर. धाकटी त्याच्यात बघून भांग पाडती. लई चांगलं दिसतं त्याच्यात."

मग मी बोललो. चार वर्षं मनात रचलेलं भाषण होतं, आणि भाषण म्हटलं की माझा ताबा जातो. 'स्वतःच्या' हा शब्द मी कसा घातला ते सांगितलं. बाराचा ठोका सांगितला. यादी, माईक, विनोद, साहेबांचा फोन, तिसरा रविवार, सगळं. आता काय काय करता येईल तेही सांगितलं: बाहेरून दहावीला बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म असतो, मी भरून देईन, पुस्तकं आणीन, इथेच येऊन शिकवीन. हातवारे करत होतो. आवाज जिन्यात घुमत होता. वरच्या मजल्यावर कानात इअरफोनची बोंडं घातलेला एक मुलगा दार उघडून बघून परत आत गेला. ती फडकं पिळत ऐकत होती. मी थांबलो, घाम पुसला, आणि सवयीने, निव्वळ सवयीने, तोंडातून निघून गेलं, "समजलं का?"

तिचे डोळे बारीक झाले. भुवया जराशा वर गेल्या. मी नकळत मोजायला लागलो. एक, दोन.

हनुवटी खाली आली.

मग ती वाकून पुढची पायरी पुसायला लागली.